संगणकाच्या पहिल्या वर्गात तुमची भीती कधी गेली?

माझ्या भाचीचं यंदा बी. ए.चं पहिलं वर्ष. तिला संगणक-ओळखीचा एक पेपर आहे. परवा तिनं विचारलं, "मामा, तुमच्या वेळी पहिल्यांदा काय शिकवलं होतं?" अभ्यासक्रम काही आठवेना. आठवला तो एक तास.

साल १९९४, तालुक्याच्या गावचं कॉलेज, बी. एस्सी. पहिलं वर्ष. चपला बाहेर काढून आत जायचं, एका मशीनपुढे पाच जण बसायचे. काळा पडदा, पांढरी अक्षरं. सर म्हणाले, "एक फाइल तयार करा, तीत स्वतःचं नाव लिहा. झालं? आता ती पुसा." कुणाचंच बोट पुढे होईना. शेवटी सरांनी आमच्या मशीनवर स्वतःच ती पुसली आणि मग 'अनडिलीट'ची आज्ञा दिली. मशीननं एवढंच विचारलं : फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर कोणतं? अक्षर दिलं, फाइल परत आली.

सरांनी फळ्यावर समजावलं. पुसली म्हणजे मजकूर जात नाही. नावाच्या पहिल्या अक्षराजागी खूण बसते आणि ती जागा मोकळी धरली जाते. दुसरं काही तिथे लिहिलं जाईपर्यंत जुनं सगळं जागच्या जागी असतं. "म्हणून चुकलं तर हात थांबवा. नवीन काही लिहू नका. मला हाक मारा."

२०११ साली धाकट्या भावाच्या लग्नाचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डातून उडाले, तेव्हा घरात रडारड झाली. मी कार्ड आधी बाहेर काढलं आणि कुणाला त्यावर एकही नवा फोटो काढू दिला नाही. बहुतेक सगळे परत मिळाले. सरांचे पाय धरावेसे वाटले.

तुमचाही असा एखादा तास असेल. एमएस-सीआयटी असो, मुक्त विद्यापीठ असो की कॉलेजातला पेपर. तो इथे लिहा.

निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा

एमएस-सीआयटीला नाव घातलं तेव्हा पन्नाशीला आले होते. वर्गावर शिकवायला आलेला मुलगा माझाच चौथीतला विद्यार्थी. मी त्याला "सर" म्हटलं तर तो उठून उभाच राहिला. म्हणाला, "बाई, मला नावानंच हाक मारा, नाहीतर मला शिकवता यायचं नाही."

माउस सरकवत सरकवत माझा हात टेबलाच्या कडेला जायचा आणि बाण मात्र पडद्याच्या मध्येच. हात पुरत नाही म्हणून मी खुर्ची सरकवायची. त्यानं हळूच सांगितलं, "बाई, माउस उचला आणि परत मध्ये ठेवा. बाण तिथंच थांबतो." किती साधी गोष्ट, पण मला कुणी सांगितलीच नव्हती.

मग त्यानं आठवडाभर पत्ते खेळायला लावले. मला राग आला. फी भरून पत्ते कसले खेळायचे? चौथ्या दिवशी लक्षात आलं की पान उचलून दुसऱ्या पानावर ठेवताना माझं बोट आता सुटत नाही. पहिलीच्या मुलांकडून अक्षरांआधी आपण आडव्या-उभ्या रेघा, गोल काढून घेतो ना, तेच तो माझ्याकडून करून घेत होता. त्याला हे कुणी शिकवलं, असं विचारलं. म्हणाला, "तुम्हीच."

त्या वर्षीचं निकालपत्रक मी संगणकावर केलं. त्रेचाळीस मुलांची टक्केवारी एका सूत्रात.

कोल्हापूर

फायलीवरून आठवलं. २००३, एम. ए. मराठी. माझा चाळीस पानांचा प्रकल्प गावातल्या एका केंद्रात टाइप करून फ्लॉपीत घेतला आणि छापायला शहरात आणला. उघडला तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. दुकानदार म्हणाला, "तुमचा फॉन्ट आमच्याकडं नाही." मला वाटलं फ्लॉपी खराब झाली. एसटीत बसून गावी परतलो. काही सुचत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात संगणकाच्या तासाला मॅडमना फ्लॉपी दाखवली. त्यांनी तो पूर्ण तास त्यावरच घेतला. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. माझ्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्याच क्रमांकावर मराठी आकार बसवलेला होता. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोड या सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत मात्र 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. 'ख' २३२६. आणि 'क्ष' म्हणजे तीन क्रमांक : क, पाय मोडल्याची खूण, ष. शाळेत जोडाक्षर जसं फोडून शिकलो तसंच ते यंत्रात साठवलेलं आहे, हे कळलं तेव्हा मराठीचा विद्यार्थी म्हणून मला भरून आलं.

विंडोज एक्सपीची सीडी घालून भारतीय भाषा चालू केल्या, इनस्क्रिप्ट ही मराठी टाइप करायची कळांची मांडणी शिकलो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. चाळीस पानं पुन्हा टाइप केली. ती फाइल आजही कुठल्याही संगणकावर उघडते.

निफाड तालुका, बी. कॉम.

आमच्या सरांनी स्प्रेडशीट शिकवताना सांगितलं, घरातला खरा हिशोब आणा. मी उन्हाळ कांद्याच्या मोसमातल्या तेवीस पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, नेल्या. तारीख, क्विंटल, भाव, हमाली, तोलाई, हातात आलेली रक्कम. शेवटी बेरजेचं सूत्र. छापून आप्पांना दिलं.

आप्पांनी वही काढली, ओळीनं ताडलं. "पोरी, बेरीज कमी भरतीय." मी म्हटलं, आप्पा, कॉम्प्युटर चुकत नसतो. ते म्हणाले, "तो नसंल चुकत. तू परत मांड."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सापडलं. दोन रकमांपुढे मी 'रु.' लिहिलं होतं. त्यामुळे मशीननं ते आकडे मजकूर समजून बेरजेतून सोडून दिले. तसा मजकूर रकान्यात डावीकडे चिकटतो, आकडा उजवीकडे जातो. माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं. आप्पांची वही नसती तर मी ती चुकीची बेरीज खरी मानून पास झाले असते.

आता नवी पट्टी भरली की आप्पा चष्मा लावून पडद्याजवळ येतात आणि विचारतात, "डावीकडं कोण चिकटलंय का?"

पुणे, वसतिगृह

थोडक्यात लिहितो. रूममेटनं जुनी सायकल विकायला टाकली. घेणाऱ्यानं "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाक" म्हणून सांगितलं आणि याचेच पैसे गेले. त्या रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण सगळे काही परत आले नाहीत. पैसे यायला पिन लागतच नाही, हे वाक्य आमच्या अभ्यासक्रमात सातव्या आठवड्यात होतं. ते पहिल्या दिवशी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मी आजीला फोनवर तेच वाक्य तीनदा म्हणायला लावलं.

नागपूर, बी. ए.

मला दिसत नाही. पहिले दोन तास मी नुसता बसून होतो, कारण मॅडम म्हणायच्या "इथे क्लिक करा". इथे म्हणजे कुठे?

तिसऱ्या तासाला एका सीनियरनं पेनड्राइव्हवर एनव्हीडीए आणून दिलं. फुकट आहे, पेनड्राइव्हवरूनच चालतं, पडद्यावरचं वाचून दाखवतं. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे बोटांना सापडले की बाकीचा कीबोर्ड हातात येतो. मॅडम माझ्या शेजारी बसून अर्धा तास ऐकत राहिल्या. पुढच्या तासाला त्यांनी वर्गातले सगळे माउस काढून कपाटात ठेवले. "आज सगळ्यांनी कळांवर काम करायचं." टॅब, ऑल्ट-टॅब, नाव बदलायला एफ टू. त्या दिवशी वर्ग मला विचारत होता आणि मी सांगत होतो.

तेव्हापासून मॅडमचं बोलणंच बदललं. "इथे" गेलं. "फाइल मेनू, दोनदा खाली, एंटर" आलं. मला वाटतं, त्याचा फायदा मागच्या बाकावरच्यांनाही झाला.

सत्राच्या शेवटी परीक्षेचा अर्ज आला. 'लेखनिक हवा का' या रकान्यात मी आयुष्यात पहिल्यांदा 'नको' लिहिलं.