मदत हवी आहे: खताच्या डब्यात अळ्या, पातेल्यात उरलेला भात आणि ३०० पार गेलेलं मीटर

पडवळ:

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्व, तिसरा मजला, वन बीएचके. मी, नवरा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. महिनाअखेरीस "पैसे जातात कुठे" हा संवाद आमच्याकडे ठरलेला. या पावसाळ्यात म्हटलं, एकदा बघूच. किराण्याची बिलं जुळवत बसायचा कंटाळा, म्हणून कचऱ्याच्या डब्यापासून सुरुवात केली. आठवडाभर रोज रात्री डब्यात काय काय गेलं ते वजनकाट्यावर ठेवून मुलीच्या जुन्या वहीत लिहिलं.

सालं-देठं सोडा, ती निघणारच. पण भात! सोमवारी ३१० ग्रॅम, मंगळवारी २४०, गुरुवारी चक्क ४००. अर्धी जुडी मेथी, पिशवीतच काळी पडून चिकट झालेली. शिवाय तीन काकड्या. "स्वस्त लावल्यात" म्हणून स्टेशनबाहेरून दोन किलो मीच उचलून आणल्या होत्या, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नाही.

भाताचं मूळ मला माहीत आहे. सासूबाईंची अर्धी हयात लालबागच्या चाळीत गेली. गावाहून कोणी ना कोणी आलेलंच असायचं, त्यामुळे "कोणी आलं तर?" म्हणून एक मूठ तांदूळ जास्त. आता येणारा माणूस आधी फोन करतो, गेटवरून पुन्हा करतो, पण मूठ तीच आहे. त्यांना न दुखावता हे कसं सांगायचं? फोडणीचा भात करून झालाय. आठवड्यात तीनदा दिला की मुलीचा डबा तसाच परत येतो.

दुसरं दुखणं खताच्या डब्याचं. मे महिन्यात हौसेनं वीस लिटरचा रंगाचा डबा आणला, भोकं पाडली, खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवला. जून संपेपर्यंत मस्त चाललं. मग पाऊस लागला आणि एका सकाळी झाकण उघडलं तर आत सगळं हलतंय. करड्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या! त्यातल्या दोन खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या गाऊनवर पडल्या. पुढचं सांगत नाही. डबा आता बाथरूममध्ये आहे आणि नवरा म्हणतो एक तर तो राहील नाही तर मी.

तिसरं, मे महिन्याचं बिल ३४० युनिट. शेजारी म्हणतात ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. खरं का? दोन जुने पंखे जवळजवळ दिवसभर चालू, एसी फक्त रात्री.

आणि पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशीनमधून बाजूच्या नळीनं जे पाणी जातं ते मी बादलीत धरलं. एक लिटर पिण्याचं मिळालं तेव्हा बादलीत तीन. ते लादी पुसायला वापरते, पण रोज किती लादी पुसणार? फिल्टर बदलायचा खर्च वेगळाच.

---

गच्चीवाला:

ताई, घाबरू नका, त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट खत भराभर करतात. पण त्या आल्या म्हणजे डबा फार ओला झालाय. मे महिन्यात उन्हानं पाणी उडत होतं, जुलैत हवाच भिजलेली. आता एक वाटी ओला कचरा घातला की दोन वाट्या सुकं घालायचं. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट पाण्यात भिजवू नका, कोरडीच कुस्करून घाला. नाही तर वर्तमानपत्राचे तुकडे, सुकी पानं. सुताराकडचा भुसा घ्यायचा तर साध्या लाकडाचाच, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो.

मूठभर माल हातात घेऊन दाबा. बोटांतून पाणी ठिबकलं तर अजून सुकं घाला. पिळलेल्या फडक्याइतकाच ओलसर हवा. शिजवलेलं अन्न पावसाळ्यात बंद, म्हणजे तुमचा तो भात अजिबात नाही. वर निंबोळी पेंड भुरभुरवा आणि भोकांना आतून नायलॉनची जाळी चिकटवा. काकूंचे गाऊन वाचतील.

---

मीटररीडर:

शेजाऱ्यांचं चूक. घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. तुमच्या ३४० मधल्या ४० युनिटनाच तिसऱ्या टप्प्याचा दर लागला. पण वाचवलेलं युनिट वरूनच कमी होतं, म्हणून सगळ्यात महागडी युनिटं आधी वाचतात.

जुना पंखा साधारण ७५ वॉटचा. १५ तास चालला तर दिवसाला सव्वा युनिटच्या जरा खाली. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट. दोन बदलले की तुमचे ४० तिथेच गेले. तो महाग असतो हे खरं, म्हणून आधी जास्त चालणारा बदला. एसी २४ वर ठेवून सोबत पंखा लावा.

---

जुनी_चाळ:

सासूबाईंना सांगू नका, विचारा. माझ्या सासूला मी म्हटलं, "आई, चौघांना नक्की किती वाट्या तांदूळ लागतात, मला कधी जमतच नाही." त्यांनी स्वतःच वाटी ठरवली, आणि ठरवलेली वाटी त्या मोडत नाहीत. अवचित कोणी आलं तर पोहे आहेतच, दहा मिनिटांत होतात. पोह्यांचा डबा कायम भरलेला दिसला की त्यांचाही जीव शांत राहतो. उरलाच तर तासा-दोन तासात फ्रिजमध्ये, रात्रभर ओट्यावर नको, मुंबईच्या हवेत सकाळपर्यंत तार सुटते.

मेथी आणल्या दिवशीच निवडा, पण धुऊ नका. कोरडी करून कागदात गुंडाळून डब्यात. आणि दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता राहू द्या. तो इवलासा तुकडा कधीच भंगारात पोहोचत नाही. पिशव्या धुऊन वाळवल्या तर आमचा रद्दीवाला वेगळ्या घेतो.

---

नळावरचा:

पाणी पालिकेचंच येतं ना? भातसा, तानसा, वैतरणा, सगळं तलावाचं, त्यात क्षार मुळात कमी. आरओचं काम क्षार काढणं, ते हवं बोअरवेलच्या खारट पाण्याला. टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, ५०० च्या आत असेल तिथे आरओ वापरू नये असं राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ मध्ये म्हटलं होतं. काही शे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या आणि मोजा. सोसायटी टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर आकडा वर जाईल, तेव्हा दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी बघा. कमी आला तर यूव्ही (जंतू मारणारा दिवा) आणि साधं गाळण पुरतं, त्यात असं पाणी वाया जात नाही.

---

पडवळ:

सर्वांचे आभार. दहा दिवसांनी लिहितेय. कोकोपीट कोरडं घातलं, दाबून बघते, आता ठिबकत नाही. अळ्या पाच-सहा उरल्यात. डबा अजून बाथरूममध्येच, नवराही घरातच.

वाटीचा प्रश्न आईंना विचारला. त्यांनी पितळेची एक वाटी काढली, म्हणाल्या "ही सपाट, शीग नाही." पहिल्या दिवशी भात कमी पडला आणि माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. दुसऱ्या दिवसापासून वाटीवर दोन चिमटी. काल डब्यात ६० ग्रॅम.

आरओबद्दल घरात अजून तोंड उघडलेलं नाही, ते मशीन ह्यांनी पसंत केलंय. मीटर मागवलाय, आधी तो काय म्हणतो बघू.

निंबोळी पेंड मुलुंड पूर्वेला सुटी मिळते का कुठे? नर्सरीवाला पाच किलोच्या खाली देत नाही.