येसर आमटी लग्नाच्या पंगतीसारखी का होत नाही?

आष्टीची सून:
माझं माहेर कोकणातलं, सासर बीड जिल्ह्यात आष्टीकडचं. येसर आमटी पहिल्यांदा खाल्ली ती दिराच्या लग्नात. सासूबाई आता नाहीत, त्यांनी करून ठेवलेलं येसरही, म्हणजे भाजलेल्या धान्यांचं नि मसाल्याचं पीठ, संपलं. मी स्वतः केलं तर आमटी पिठल्यासारखी होते. पाणी वाढवलं की पीठ तळाशी बसतं आणि वर नुसतं तिखट पाणी. पंगतीतली आमटी पातळ असूनही भाकरीला धरायची. माझं कुठे चुकतंय?

पाटोद्याच्या काकू:
बाई, तुझं धान्य कच्चं राहतंय.

आमच्या घरी बाजरी दोन वाट्या, गहू, ज्वारी आणि हरभऱ्याची डाळ एकेक वाटी. सगळं वेगवेगळं भाजायचं. बाजरी लगेच होते, गव्हाला वेळ लागतो. एकत्र टाकलंस तर एक करपेल नि दुसरं कच्चं राहील. गव्हाचा दाणा दाताखाली फोडून बघ. कुडुम वाजला आणि आतून तपकिरी दिसला की उतरव. आत पांढरा असेल तर अजून भाज. कच्च्या पिठाची खळ होते. खमंग भाजलं की त्याचा चिकटपणा मोडतो, म्हणून आमटी पातळ राहते नि पाणचट लागत नाही.

धणे सढळ हाताने, मग जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल. हे भाजून धान्याबरोबरच दळ. खोबरं येसरात नको, खवट होतं. ते वाटणात घाल: खोबऱ्याची वाटी आणि कांदा सरळ जाळावर काळे होईपर्यंत भाजायचे आणि लसूण, आलं, कोथिंबिरीबरोबर वाटायचे. वाटणाला तेल सुटलं की हळद-तिखट घालून गरम पाणी ओत. येसर मात्र गार पाण्यात कालव, नाहीतर गुठळ्या होतात. लिटरभर पाण्याला पोहे खायच्या चमच्यानं चार चमचे येसर पुरे. आधण आलं की बारीक धारेनं सोड, पळी थांबवू नकोस. नंतर अर्धा तास मंद उकळू दे. वर कट आला की आमटी झाली.

माझं लग्न 1973 च्या उन्हाळ्यात झालं, ऐन दुष्काळात. विहिरी आटलेल्या, भाजी म्हणून कुठं मिळत नव्हती. आपल्या ज्वारीच्या जागी रेशनवरची मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी होती. भावकीतल्या बायकांनी आठ दिवस आधी जात्यावर येसर दळलं, त्यातही मिलोच पडली. वऱ्हाडाला वाढायला भाकरी आणि आमटी, एवढंच. पण एकही माणूस अर्धपोटी उठला नाही. आमच्या भागाला या आमटीनं जगवलंय, असं मी मानते. मूठभर पिठात घर जेवतं.

लातूरकर:
काकूंनी सगळं सांगितलंय. आमच्यात थोडी उडदाची डाळही भाजून घालतात. आणि मटणाचा रस्सा पातळ झाला तर शेवटी दोन चमचे येसर कालवून सोडतो, रस्सा छान मिळून येतो.

आष्टीची सून:
काकू, कालच केली. आधीच्या वेळचे भाजलेले थोडे गहू डब्यात उरले होते, ते फोडून बघितले तर आत पांढरेच! या वेळी सगळं नीट भाजलं. कट बोटभर आला. ह्यांनी भाकरी कुस्करून दोनदा आमटी ओतून घेतली, आणि म्हणाले, आईच्या हातची आठवली. मला भरूनच आलं. हे येसर टिकतं किती दिवस?

पाटोद्याच्या काकू:
कोरड्या बरणीत सहा महिने सहज. गिरणीतून आणलं की आधी परातीत पसरून पूर्ण गार होऊ दे, गरम भरलंस तर आत घाम धरतं. ओला चमचा घालू नकोस. आणि पुढच्या वेळी दिराच्या घरीही वाटीभर दे, त्यांनाही आईची आठवण येत असेल.