ओहळाच्या काठाने रमतगमत: तुमचेही अनुभव लिहा

वळेसर:
काल म्हापशाच्या बाजारात सुरंगीचा वळेसर (गजरा) घेतला. गाडीभर तो वास, आणि एकदम तांबडी सुर्ल्याची नदी आठवली. कॉलेजचं शेवटचं वर्ष, मार्चअखेर, आम्ही पाचजणी. महादेवाच्या पाया पडून काठाकाठाने वर निघालो. दोन तासांची वाट, पण आम्हाला अख्खा दिवस लागला, कारण दर दहा पावलांवर कुणीतरी फुलापाशी बसलेली. पाणी घोट्याएवढं. खडकांच्या फटींत शेरणीची झुडपं, लालसर तुरे आलेले. पावसाळ्यात त्यांच्या डोक्यावरून लोंढा जातो, तरी मुळं खडक सोडत नाहीत. मग एका वळणावर सीतेचा अशोक! फांद्यांनाच काय, बुंध्यालाही केशरी गुच्छ, खाली पाण्याच्या कोंडीत पाकळ्याच पाकळ्या. तिथेच डबे उघडले, तिथेच झोपलो. त्यांतल्या एकीशी सहा वर्षं बोलणं नाही.

फोंडेकरीण:
कितीला मिळाला गो वळेसर?

वळेसर:
सत्तरला. वेणीसारखा घट्ट गुंफलेला होता, घासाघीस नाही केली.

पानफूल:
छान लिहिलंस. फक्त एक, अशोकाला पाकळ्या नसतात. रंगीत दिसतात ती निदलं, आधी पिवळट-केशरी, मग लाल होत जातात. म्हणून एकाच गुच्छात दोन रंग. कोंडीत तुम्हाला दोन्ही दिसले असणार.

वळेसर:
हो! दिसले होते. कारण आज कळलं.

केरीचो:
आमच्याकडे मे महिन्यात फुलं कमी, खाणं जास्त. चोर्ल्याच्या बाजूला कांटां, चुन्नां (तोरणं), जांभळं. मित्राचा सदरा जांभळा झाला तो पुढे पाच वर्षं तसाच वापरला त्याने. अंजनी मात्र बघाच, निळी फुलं फांदीला चिकटून बसलेली असतात.

फोंडेकरीण:
कांटां म्हणजे करवंदं ना? लोणच्यासाठी कच्ची हवी आहेत, कुणी येणार असेल तर सांगा.

सत्तरीकर:
२०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा रात्री आमच्या अंगणातून डोंगरावर लाल रेघ दिसायची. आई झोपत नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही चौघे मित्र मुद्दाम ओहळाने चढलो. बोलत कुणीच नव्हतं. कुमयोच्या, म्हणजे कुंभ्याच्या झाडाच्या, काळ्या पडलेल्या सालीवर हात ठेवला आणि वर बघितलं तर पांढरी, लांब केसरांची फुलं. जाड सालीमुळे तग धरतो तो. पण सगळी झाडं कुमयो नसतात. काडेपेटी, बिडी खाली ठेवून जा, एवढंच मागणं आहे.

पानफूल:
🙏 फोटो असेल तर टाक.

नेत्रावळीची सून:
कुकर लावलाय म्हणून पटकन. सावरी धबधब्याच्या वाटेवर उन्हाळ्यात जळवा नसतात, लहान मुलांना तेव्हाच न्या. माझी लेक सहा वर्षांची, ओहळात पाय सोडून दोन तास गप्प बसली होती. घरी दोन मिनिटं नाही बसत.

केरीचो:
वळेसर, त्या मैत्रिणीचं काय झालं?

वळेसर:
आत्ता फोन केला. उचलला तिने. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "सुरंगी आली का बाजारात?"

फोंडेकरीण:
अगो बाय! रविवारी जाताय का मग?