घोळणा फुटलेला पेशंट: बीपी आधी की नाक आधी?

वाळपईकर_डॉक्टर:
गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात रात्रपाळीला असतो. काल एका आजोबांना आणलं. नाकातून रक्त, बीपी १८०/१००, हृदयात स्टेंट घातल्यामुळे क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू. घरच्यांनी डोकं मागे करून कांदा हुंगवला होता. दाबून थांबलं, पण बीपीचं इंजेक्शन द्यायला हवं होतं का? आणि बांबोळीला, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, केव्हा पाठवायचं?

कॅज्युअल्टीवाली:
डॉक्टर, आधी नाक. घाबरल्यानं बीपी चढतं. रक्त थांबून माणूस शांत झाला की बहुतेकांचं आपसूक उतरतं. या वयात ते एकदम खाली आणलं तर मेंदूला रक्त कमी पडायची भीती.

तुम्ही दाबलंत ते योग्यच. माझा सगळा जीव त्या दाबण्यात असतो. पेशंट बसलेला, पुढे वाकलेला. गुठळ्या शिंकरून टाकायच्या, ऑक्सिमेटाझोलिनचा (रक्तवाहिन्या आवळणारा) स्प्रे मारायचा, मग हाडाखालचा मऊ भाग चिमटीत धरून १० ते १५ मिनिटं. घड्याळ लावा. नातेवाइकांच्या हाती दिलं की ते दर मिनिटाला सोडून बघतात, म्हणून मी स्वतः धरते. घशात आलेलं रक्त ट्रेमध्ये थुंकू दे; गिळलं की उलटी होते आणि सगळं घर हादरतं.

थांबलं नाही तर हेडलाइट लावून नाकाच्या मधल्या पडद्याचा पुढचा भाग बघा. दहातल्या नऊ जणांचं तिथूनच येतं. रक्ताचा ठिपका दिसला तर बधिर करून सिल्व्हर नायट्रेटने जाळायचा, पण एका बैठकीत एकाच बाजूला. दोन्हीकडे समोरासमोर जाळलं तर पडद्याला भोक पडू शकतं. दिसलाच नाही तर मेरोसेल, म्हणजे नाकात फुगून दाब देणारा स्पंजचा पॅक. तो नाकाच्या तळाने सरळ मागे जातो, वर डोळ्यांच्या दिशेने ढकलू नका.

पॅक नीट बसूनही घशात धार उतरत असेल तर रक्त मागून येतंय. वाट बघू नका. सलाईनची सुई, क्रॉसमॅचला (रक्त जुळवून बघायला) नमुना, १०८ला फोन.

पेडणे_सिस्टर:
क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने बंद करायला सांगू नका हं. स्टेंट बुजला तर नाकापेक्षा मोठं संकट. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

वाळपईकर_डॉक्टर:
ट्रॅनेक्झॅमिकचा (गुठळी विरघळू न देणाऱ्या औषधाचा) बोळा नाकात ठेवला तर?

कॅज्युअल्टीवाली:
ब्रिटनमध्ये जवळपास ५०० पेशंटवर नोपॅक चाचणी झाली, २०२१ साली छापून आली. त्या बोळ्यानं पॅकची गरज काही कमी झाली नाही. त्यावर विसंबून दाबायचा वेळ घालवू नका. आणि आजोबा तपकीर ओढतात का, ते विचारलंत? ओढत असतील तर आधी ती बंद करा, आणि नाकाच्या आत दिवसातून दोनदा व्हॅसलिन लावायला सांगा.