प्लासेंटा म्हणजे नाळ, वार की अपरा?

ताकभात : मैत्रिणीच्या पीएचडीचा गोषवारा मराठीत करून देतेय. विषय, प्लासेंटाच्या रक्तवाहिन्यांत सोल्यूट एक्स्चेंज कसा होतो त्याचं गणिती मॉडेल. पहिल्याच ओळीत अडकले. प्लासेंटा म्हणजे नाळच ना?

भाकरवडी : नाही हो. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीपासून निघते ती दोरी, दोन धमन्या आणि एक शीर. ती जिथे जाऊन चिकटते ती वार. बाळंतिणीची "वार पडली का" असंच विचारतात. गुरांची असेल तर जार, म्हशीनं जार टाकला नाही की रात्री दोनला पण डॉक्टरला फोन. ते "गावाशी नाळ तुटली" ऐकून ऐकून सगळ्यालाच नाळ म्हणायची सवय लागलीय.

पेनटाक्या : अपरा लिहा सरळ. वार म्हटलं की मंगळवार नाहीतर नऊवार आठवतं.

भाकरवडी : दिवसाचा असेल तर वाराचा, ही बाई आहे, वारेचा. "वारेतला रक्तप्रवाह" वाचून कोणाला मंगळवार आठवणारे?

ठिबकवाला : सोल्यूटला द्राव्य. विद्राव्य नको, ते विशेषण, आमची ठिबकमधून सोडायची खतं विद्राव्य असतात. सरबतात साखर द्राव्य, पाणी द्रावक. आणि एक्स्चेंजला देवाणघेवाण, विनिमय म्हटलं की परकीय चलन वाटतं. इथे खरंच देवाणघेवाण आहे, ऑक्सिजन, ग्लुकोज बाळाकडे, युरिया आणि कार्बन डायऑक्साइड आईकडे, आणि तरी दोघांचं रक्त एकमेकांत मिसळत नाही.

ताकभात : भारी. डिफ्यूजन, म्हणजे जास्त असेल तिथून कमी असेल तिकडे आपोआप पसरणं, त्याला पुस्तकात विसरण दिलंय, पण वाचताना "विसरणं" वाटतं 😅 आणि पुढे फ्लो-लिमिटेड, डिफ्यूजन-लिमिटेड आहे, तिथे तर हातच टेकले.

शून्यलब्धी : विसरण ठेवा, शाळेपासून ओळखीचं आहे. बाकीच्या दोघांसाठी एसटी स्टँड डोळ्यासमोर आणा. बाळाचं रक्त म्हणजे गाड्या, ऑक्सिजन म्हणजे प्रवासी, मधला पातळ पडदा म्हणजे गाडीचं दार. थांबते तेवढ्यात गाडी फुल होत असेल तर जास्त माणसं न्यायला जास्त गाड्याच सोडाव्या लागतील, म्हणजे घोडं प्रवाहाशी अडलंय. पण दार इतकं अरुंद की गाडी अर्धी रिकामी सुटते, मग गाड्या वाढवून काय होणार, घोडं विसरणाशी अडलंय. म्हणून प्रवाहमर्यादित आणि विसरणमर्यादित. एकाच ठिकाणी एक द्राव्य पहिल्यात आणि दुसरं दुसऱ्यात असू शकतं बरं का. मँचेस्टरच्या मंडळींचा २०१९ चा पेपर आहे, वारेतल्या झाडासारख्या फांद्यांच्या टोकाच्या अंकुरांच्या खऱ्या थ्रीडी प्रतिमा घेऊन गणित केलंय, त्यात केशवाहिन्यांचा गुंता दिसायला भयंकर पण हिशोब थोडक्या आकड्यांत बसतो. त्यातला मुख्य डॅमकोहलर अंक, गाडी थांबते तो वेळ भागिले प्रवासी चढायला लागणारा वेळ.

पेनटाक्या : मॉडेलला प्रतिमान. प्रारूप नको, ते मसुद्याला वापरतात.

ताकभात : झालं मग, "वारेतल्या केशवाहिन्यांमधली द्राव्यांची देवाणघेवाण : एक गणिती प्रतिमान". अपरा कंसात टाकते, पेनटाक्या रुसायला नको. डॅमकोहलर असंच लिहू ना?

शून्यलब्धी : जर्मन माणूस होता, मधला ह म्हणत नाहीत. डामकोलर लिहा.