बंद धमनी, नैसर्गिक बायपास आणि पांढऱ्या पेशी

गोदाकाठ:
माझ्या वडिलांच्या (वय ६८) अँजिओग्राफीत हृदयाची उजवी धमनी पूर्ण बंद आढळली, तरीही हृदयाचे पंपिंग चांगले आहे. डावीकडच्या धमन्यांमधून बारीक वाहिन्यांवाटे उजवीकडे रक्त पोहोचत आहे, म्हणजे शरीरानेच बायपास केला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. या वाहिन्या रुंद होण्यात रोगप्रतिकारक पेशींचा मोठा हात असतो, असे नंतर वाचनात आले. धमनीत चरबीचा थर वाढतो तो दाहामुळे आणि दाह याच पेशींमुळे, अशी माझी समजूत होती. मग ज्या पेशी रस्ता अडवतात, त्याच पर्यायी रस्ता कसा बांधतात?

शरीरक्रिया_वर्ग:
आपली समजूत बरोबरच आहे, फक्त अर्धी आहे. धमन्यांना जोडणाऱ्या बारीक वाहिन्या अनेकांच्या हृदयात आधीपासून असतात, पण एरवी त्यांतून फारसे रक्त वाहत नाही. मुख्य धमनी अरुंद झाली की तिच्या पलीकडचा दाब उतरतो, रक्त या जोडवाहिन्यांतून जोराने वाहू लागते आणि त्या प्रवाहाचे घर्षण वाहिनीच्या आतल्या अस्तराला जाणवते. अस्तराच्या पेशी तेव्हा एमसीपी-१ नावाचे प्रथिन सोडतात, ज्याच्या ओढीने रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशी तेथे येऊन चिकटतात, भिंतीत शिरतात आणि मॅक्रोफेज (मोठ्या भक्षक पेशी) बनतात. त्यांची विकरे भिंतीची जुनी लवचिक चौकट सैल करतात आणि त्यांनी स्रवलेल्या वाढ-घटकांमुळे स्नायुपेशींची संख्या वाढते. घर वाढवायचे तर आधी जुनी भिंत पाडावी लागते, तसाच हा प्रकार आहे.

जर्मनीतील बाड नाउहाइम येथील वोल्फगांग शापर यांच्या गटाने १९७६ मध्येच कुत्र्यांच्या हृदयातील वाढत्या जोडवाहिन्यांच्या अस्तराला मोनोसाइट चिकटलेले दाखवले होते. पुढे सशाच्या मागच्या पायातील धमनी बांधून एमसीपी-१ दिल्यावर जोडवाहिन्या अधिक वाढल्या. येथे रुंदीला फार महत्त्व आहे, कारण दाब आणि लांबी तीच राहिली तर त्रिज्या दुप्पट झाल्यावर प्रवाह सुमारे १६ पट होतो. प्राणवायूच्या कमतरतेमुळे उगवणाऱ्या नव्या केशवाहिन्या कितीही झाल्या तरी मोठ्या धमनीची जागा घेऊ शकत नाहीत. (गिनीपिगच्या हृदयात अशा जोडवाहिन्या जन्मतःच इतक्या असतात की धमनी बांधली तरी स्नायू मरत नाही, डुकराच्या हृदयात मात्र त्या अगदी थोड्या असतात. माणसामाणसांतही हा फरक बराच आहे.)

गोदाकाठ:
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. मग या पेशी वाढवणारे औषध का देत नाहीत? शिवाय ‘शस्त्रक्रियेविना नैसर्गिक बायपास’ अशा जाहिराती दिसतात, त्यांत कितपत तथ्य आहे?

हृदयविभाग_निवृत्त:
औषधाचा प्रयत्न झाला आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २००१ मध्ये २१ रुग्णांच्या चाचणीत जीएम-सीएसएफ या, मोनोसाइटना चालना देणाऱ्या प्रथिनाने जोडवाहिन्यांतील प्रवाह सुधारला. मात्र २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली पुढची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांपैकी दोघांना हृदयधमनीचा तीव्र झटका आला. आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर येथेच आहे: चरबीच्या थरात आधीच बसलेल्या मॅक्रोफेजनाही अशा औषधाने बळ मिळू शकते आणि तो थर फुटू शकतो. धमनीकाठिण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांना एमसीपी-१ दिले तेव्हा जोडवाहिन्याही वाढल्या आणि थरही वाढला. पेशींना हवे तेथेच कामाला लावणारे औषध अद्याप रोजच्या उपचारात आलेले नाही.

जाहिरातींतील उपचार बहुधा ईईसीपी असतो. त्यात हृदय शिथिल होण्याच्या क्षणी पायांवरचे पट्टे फुगवतात. साधारणपणे रोज एक तास, अशी ३५ सत्रे होतात. त्याने प्रवाहाचे घर्षण वाढते आणि छातीतील वेदना कमी होऊ शकते. लहान अभ्यासांत जोडवाहिन्यांतील प्रवाहही वाढलेला आढळला. परंतु त्याने धमनीतील अडथळा विरघळत नाही आणि जेथे शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे तेथे तो तिचा पर्याय ठरत नाही. नियमित व्यायामही घर्षणाच्याच मार्गाने काम करतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत चार आठवड्यांच्या देखरेखीखालील व्यायामाने हा प्रवाह वाढला होता, पण वडिलांसाठी त्याचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

एक गोष्ट मात्र त्यांना आवर्जून विचारा. उजवा भाग आता डाव्या धमनीच्या उधारीवर चालला आहे, तेव्हा त्या डाव्या धमनीत अडथळा किती आहे? ती अरुंद झाली, तर हृदयाचे दोन्ही भाग एकाच वेळी अडचणीत येतील.