पुन: पुन: पुतळे, रॅक आणि काचेचं काउंटर (रविवारच्या आत)

सचिव, मंगळवार २७ मे २०२५

मंडळी,

बे (हडसन्स बे, कॅनडातलं जुनं मोठं कपड्यांचं आणि घरसामानाचं दुकान) रविवारी १ जूनला बंद होतंय. मीटिंगमध्ये ठरलं होतं त्याप्रमाणे गणेशोत्सवातल्या साडी प्रदर्शनासाठी तिथले कपड्यांचे पुतळे ८, चाकांचे रॅक ४ आणि काचेचं काउंटर १ घ्यायचं आहे. कपडे संपत आलेत, आता त्यांनी फर्निचर विकायला काढलंय. बयाणा देऊन अडकवून ठेवता येत नाही. पूर्ण पैसे भरायचे, वस्तूवर नावाची चिठ्ठी लावायची, सोडवून आपणच न्यायचं. परत घेत नाहीत.

व्हॅन कोणाकडे आहे? ३० ऑगस्टपर्यंत गराजमध्ये जागा कोण देईल? हो किंवा नाही एवढंच लिहा, चर्चा नको.

वेशभूषा

सचिव, "पुतळे ८" एवढ्यावर भागणार नाही. त्यातले ५ नऊवारीसाठी आहेत. नऊवारीचा काष्टा दोन पायांमधून मागे जातो. पाय जुळवून उभा असलेला पुतळा आणलात तर काष्टा जाणार कुठून? पावलं पुढे-मागे असलेले, चालत्या पवित्र्यातलेच बघा. मांड्यांमध्ये निदान तळहात आडवा गेला पाहिजे.

दुसरं, आधाराची दांडी. काहींची पोटरीत शिरते, काहींची तळपायात. पोटरीवाली नऊवारीला नको, ती मागून बाहेर येते आणि नेमका तिथेच काठ चुरगळतो. सहावारीला कुठलीही चालेल, परकराच्या आत झाकली जाते.

तिसरं, फायबरच्या पुतळ्यात टाचणी शिरत नाही. पैठणी गुळगुळीत अंगावरून घसरते. आधी कंबरेला आणि खांद्याला सुती पट्टी घट्ट गुंडाळायची, टाचण्या तिच्यात. पट्टी मी आणते.

नेपथ्य

वहिनींचं बरोबर आहे. एक भर घालतो. बैठक (खालची तबकडी) त्याच पुतळ्याची आहे ना, हे तिथेच उभा करून बघा. दांडीचा कोन प्रत्येक साच्याचा वेगळा असतो. दुसऱ्याची बैठक लावली की पुतळा कलतो, आणि लहान मुलांच्या गर्दीत कललेला पुतळा म्हणजे पडलेला पुतळा. दुकान आवरताना बैठका एकीकडे आणि पुतळे दुसरीकडे ढीग घालतात.

हातांचंही तेच. खांद्याच्या खाचेत घालून फिरवलं की हात बसतो, पण दुसऱ्या साच्याचा बसत नाही, बसला तर कोपर मागे जातं. सोडवलात की दोन्ही हात, पंजे आणि वरचं धड एकाच काळ्या पिशवीत घाला, पिशवीवर आकडा टाका. रंगाचे टवके उडतात ते बोटांचे, म्हणून पंजे आधी काढून मोज्यात.

खजिनदार

किमतीवर १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) आहे, फर्निचरलाही. मंजूर रक्कम ६०० डॉलर, करासकट. पावती मंडळाच्या नावाने, नाहीतर मी पैसे देणार नाही. मागच्या दिवाळीचं कोणी विसरलेलं नसावं.

आणि हे सगळं विकतच का? जाळीचे पॅनेल दोन फूट बाय सहा फूट, भाड्याने मिळतात, तीन-तीन त्रिकोणात बांधले की स्वतःच्या पायावर उभे राहतात. साड्या त्यावर घडी करून लावा.

वेशभूषा

घडी केलेल्या साडीचं प्रदर्शन म्हणजे कपाट.

ज्येष्ठ सभासद

दुकानात पाहिलेले बहुतेक पुतळे शिर नसलेले आहेत. मंडपात गणपतीसमोर मुंडकं नसलेल्या पाच बायका नऊवारी नेसून उभ्या? हे कार्यकारिणीने बघितलं आहे का? आणि नथ कुठे घालणार?

पूजा विभाग

काकांचा मुद्दा रास्त आहे, पण बिनशिराचे असतील तर उलट सोय. आमच्याकडे मुखवटे आहेत, धडं नाहीत. आवाहन ३१ ऑगस्टला. दोन पुतळे गौरींना द्यावेत ही विनंती.

नेपथ्य

गौरींना हे नकोत. मोठ्या बाईचा पुतळा डोक्याशिवायही पाच फुटांच्या आसपास जातो. चौरंगावर ठेवलात तर हळदीकुंकू शिडी लावून वाहावं लागेल. त्यापेक्षा शिंप्याचं धड घ्या, कापड लावलेलं, एका खांबावर, ज्याची उंची खाली-वर होते. त्यात टाचणीही शिरते. मानेवरची लाकडी टोपी काढा, आतल्या भोकाच्या मापाची लाकडी दांडी घट्ट बसवा, मुखवटा तिच्यावर. दांडीला सुतळी गुंडाळली की मुखवटा फिरत नाही. फक्त हात नसतात, ते तुमचे तुम्ही बघा.

पूजा विभाग

हात आहेत आमच्याकडे. दोन धडं नक्की धरा.

सभासद (मिसिसागा)

कोणी जातच आहे तर बेचं ते चार रंगीत पट्ट्यांचं ब्लँकेट मिळतं का बघाल? त्या काठावरच्या काळ्या रेघा म्हणजे तेवढ्या बीव्हर कातड्यांना एक ब्लँकेट, ना? वाईट वाटतं. १६७० सालचं दुकान मोबाईलने गिळलं.

माजी अध्यक्ष

रेघा मापाच्या आहेत, किमतीच्या नव्हेत. घडी न उलगडता ब्लँकेट केवढं ते कळावं म्हणून विणलेल्या. आता ते दुकानात मिळणं कठीण. पट्ट्या आणि नाव कॅनेडियन टायर या दुकानसाखळीने ३ कोटी डॉलरला घ्यायचा करार केलाय.

मोबाईलवर सगळं खापर फोडू नका. ईटन्स, बेसारखंच मोठं दुकान, १९९९ मध्ये बुडालं तेव्हा मोबाईलवर कोण खरेदी करत होतं? बेच्या मालकांनी २०११ मध्ये झेलर्स या आपल्याच स्वस्त दुकानांच्या जागांचे भाडेकरार टार्गेट या अमेरिकन साखळीला १८२.५ कोटींना विकले, २०१४ मध्ये टोरांटोतल्या क्वीन स्ट्रीटची मुख्य इमारत ६५ कोटींना विकून तीच भाड्याने घेतली. जागा विकली की एकदाच पैसे येतात, भाडं दर महिन्याला जातं. मार्चमध्ये धनकोंपासून संरक्षण मागायला कोर्टात गेले तेव्हा कर्ज १०० कोटींच्या वर होतं. गिऱ्हाईक कमी झालं हे खरं, पण सरकते जिने बंद आणि काउंटरवर माणूस नाही, अशा दुकानात ते टिकणार कसं? टार्गेट इथून २०१५ मध्ये गेलं, सिअर्स हे तसंच मोठं दुकान २०१८ मध्ये. मॉलच्या टोकाला असलेली ती दोन-तीन मजली जागा एकट्या दुकानाला पेलत नाही, म्हणून तिचे तुकडे पाडतात. बघालच.

सभासद (मिसिसागा)

धन्यवाद सर. म्हणजे ब्लँकेट नाही.

खजिनदार

विषयावर या. काउंटर?

नेपथ्य

काउंटर घेऊ नका. नेहमीचं माप ७० इंच लांब, २० खोल, ३८ उंच. व्हॅनमध्ये जातं, पण काचेच्या फळ्या काढून वेगळ्या, उभ्या, मध्ये ब्लँकेट घालून न्याव्या लागतात. आडव्या रचल्या की खालची जाते. सरकत्या दारांची किल्ली बहुधा हरवलेलीच असते, मग दागिने त्यात ठेवून उपयोग काय? शाळेचा हॉल वरच्या मजल्यावर आहे हेही लक्षात घ्या.

रॅक मात्र चारही घ्या. खालून झेडसारखे असतील तर एकात एक सरकतात आणि चौघांना मिळून दीड रॅकची जागा लागते. चारही चाकं फिरवून बघा, एखाद्यात दोरा आणि केस गच्च गुंडाळलेले असतात. ते ब्लेडने निघतात, वाकलेला आस निघत नाही. पैठण्या जड, एका दांडीवर वीसच्या वर टांगू नका, मध्ये झोल येतो.

ज्येष्ठ सभासद

शिराचा प्रश्न तसाच राहिला.

वेशभूषा

काका, शिर असलेले पुतळे पाहिले. चेहरे पांढरेफटक, डोळे नाहीत, टक्कल. तुम्हीच सांगा कोणते बरे. बिनशिराच्यांच्या मानेवर गजरा आणि मागे परडीत नथ ठेवते.

ज्येष्ठ सभासद

गजरा चालेल. खरा हवा.

सचिव, गुरुवार २९ मे

अंतिम: चालत्या पवित्र्यातले, तळपायात दांडी असलेले पुतळे ५, सहावारीसाठी कुठलेही ३, शिंप्याची धडं २, रॅक ४. काउंटर रद्द. खजिनदारांनी ६०० चे ७०० करावेत. शनिवारी सकाळी दुकान उघडताना मागच्या माल उतरवायच्या दारापाशी भेटू. ॲलन किल्ल्यांचा (षटकोनी पान्यांचा) संच, काळ्या पिशव्या, मोजे आणि मार्कर नेपथ्यकडे.

व्हॅनचं अजून कोणीच लिहिलेलं नाही. गराजचंही.